आत्यांच्या पायाखालचं पाणी

मखमलाबाद, नाशिक
सोमवार, ३० जुलै २००१

ती. देवराममामा यांना सविताचा वाकून नमस्कार, आणि मामींना दोन, कारण मागच्या कार्डात त्यांचा एक राहिला होता.

तुमची कंबर, मामींचे गुडघे आणि रेल्वेच्या क्वार्टरचं छप्पर ही तिन्ही ठीक असावीत. (छपराची चौकशी मुद्दाम करते आहे. या पावसाळ्यात कुणीही भेटलं की आधी "गळतं का?" असंच माझ्या तोंडून निघतं. परवा कॉलेजात एका मॅडमनाही विचारलं.)

सगळ्यात आधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या कार्डात मी लिहिलं होतं की आईने मला गाडीत कोंडून, काचा लावून, वरून विहिरीच्या मोटारीचं पाणी सोडलं. हे वाक्य खरं आहे, पण अपुरं आहे. त्यात 'माझ्याच सांगण्यावरून' हे शब्द राहिले. कार्डावर जागा संपली होती आणि पत्त्याच्या बाजूला लिहिलेलं चालतं की नाही हे मला नक्की माहीत नव्हतं. त्यानंतर तुम्ही आईला पाठवलेलं पत्र ("भाचीला अशी शिक्षा? मी अजून जिवंत आहे!") पोचलं. आईला वाचता येत नाही, म्हणून ते मलाच मोठ्याने वाचावं लागलं. म्हणजे माझ्यावरच्या अन्यायाबद्दल आईला मीच रागावले, तेही तुमच्या आवाजात, कारण सपाट वाचलं तर ती म्हणते, "नीट वाच, भाऊ असा बोलत नाही." तर मामा, शिक्षा नव्हती. गळती शोधत होतो.

तुम्ही गेल्या वर्षी आम्हाला दिलेली पांढरी गाडी उत्तम आहे, हे आधी लिहिते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला टोमणा वाटेल. फक्त पाऊस लागल्यापासून पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी पाणी साठू लागलं. त्या सीटवर आमच्या कमळाआत्या बसतात. अण्णांच्या त्या थोरल्या बहीण, त्यामुळे पुढची सीट त्यांची. त्यांनी महिनाभर कुणाला काही सांगितलं नाही. गाडी म्हणजे अशीच गार असते, असं त्यांना वाटत होतं.

घरात शिकलेली मी एकटी, त्यामुळे घरात जे बिघडेल ते माझं. मी इतिहास घेऊन बी. ए. करते आहे हे अण्णांना कितीदा सांगितलं. ते म्हणतात, "एवढी पुस्तकं वाचते, एकात बी गाडी नसंल का?" आता त्यांनी हात टेकले आहेत. पलीकडच्या वस्तीवरचे खंडेराव पोल्ट्रीवाले रविवारी, बारा ऑगस्टला, गाडी बघायला येणार आहेत. त्यांना सीटा काढून आत अंडी ठेवायची आहेत. अण्णांनी सांगून टाकलं की तोवर गाडी आतून कोरडी झाली तर घरची, नाही तर कोंबड्यांची. मामा, घरात लायसन मला एकटीला आहे. (अण्णा ट्रॅक्टर चालवतात, पण गाडीत बसले की स्टिअरिंग असं दाबून धरतात की रस्त्याला सरी पडतील.) गाडी गेली तर कॉलेजला मी पुन्हा भाड्याच्या जीपच्या मागच्या फळीवर, कुणाच्या तरी टोपलीला धरून.

म्हणून उपाय सुरू केले. पंचवटीतले एक गॅरेजवाले म्हणाले, दाराचं रबर गेलंय. रबर बदललं. दार आता इतकं घट्ट बसतं की आत्यांना बाहेर काढायला दोघं लागतात, आणि पाणी होतं तिथेच. मग अण्णांनी शेतकरी बुद्धी चालवली. पाणी अडलं की त्याला वाट काढून द्यायची, एवढं त्यांना कळतं. गाडीच्या तळाला रबरी बुचं असतात, त्यातलं एक आत्यांच्या पायाखालचं त्यांनी उपटलं. साठलेलं पाणी भडाभडा गेलं आणि अण्णा दोन दिवस ताठ चालले. तिसऱ्या दिवशी आम्ही गावाबाहेरच्या डबक्यातून गेलो, आणि खालून असं कारंजं उडालं की आत्यांनी चपला वर घेतल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "गंगा आली गं बाई दारात!" (गोदावरी तिथून बरीच लांब आहे. मी सांगितलं नाही.) बूच परत बसवलं.

शेवटी मी ठरवलं की आता पद्धतशीर. डॅशबोर्डच्या खाली आणि दारांच्या कडेने पावडर भुरभुरली, म्हणजे पाणी उतरलं की त्याची रेघ दिसेल. आत बॅटरी घेऊन मी, बाहेर विहिरीच्या मोटारीचा पाइप घेऊन आई. पाणी खालून वर मारायचं. आधी दार, मग काच, मग छत. एकदम सगळीकडे मारलं तर कुठून आलं ते कसं कळणार? आईला हे पटलं, पण पाइप हातात आला की तिच्यातली फूलशेतकरीण जागी होते. तिने एका टोकापासून गाडी भिजवायला घेतली, जशी शेवंतीची सरी भिजवतात. काच बंद, माझा आवाज तिला येईना. म्हणून मी काचेवर थापा मारू लागले. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे वर जा. ती प्रत्येक थापेला मान हलवायची आणि पाणी वाढवायची.

नेमक्या तेव्हा साळूबाई दूध घालायला आल्या. त्यांना दिसलं ते असं: बंद गाडीत मी, तोंडाला पांढरी पावडर, काचेवर हात आपटते आहे आणि आई शांतपणे पाणी मारते आहे.

"अगं बाई, पोरीला कोंडलं व्हय? काय केलं काय तिनं?"

"काय नाय, पाणी कुठून शिरतं ते बघतोय."

"पोरीत?"

संध्याकाळपर्यंत गावात दोन पक्ष झाले. एकाच्या मते माझं कॉलेजात काहीतरी जमलं होतं, दुसऱ्याच्या मते मला लागीर झालं होतं. किराणा दुकानात मला लिंबं फुकट मिळाली. मी पैसे द्यायला गेले तर दुकानदार दोन पावलं मागे सरकले.

पण गळती सापडली, मामा! पाणी दारातून नव्हतं, काचेतूनही नव्हतं. आईने कंटाळून पाइप काचेच्या खाली, वायपरजवळच्या जाळीवर धरला मात्र, पावडरीत सरळ एक रेघ ओढली गेली, आत्यांच्या सीटकडे. आम्ही जाळी उचकटली. खाली पन्हाळीसारखा खोलगट भाग असतो. पावसाचं पाणी त्यात पडून कडेच्या भोकातून खाली चाकापाशी जायचं. ते भोक गच्च बुजलेलं. कशाने? झेंडूने.

आमच्याकडे गाडीची पूजा कशी होते हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुमच्याकडे गाडीला दसऱ्याला एक हार मिळायचा. आमच्याकडे फुलं घरची. बाजारात झेंडूचा भाव पडला की आमची गाडीवरची भक्ती वाढते. विकला न गेलेला माल परत आला की आत्या ओंजळी भरभरून काचेखाली वाहतात: दसरा, दिवाळी, संक्रांत, पाडवा आणि मधले सगळे गुरुवार. जाळीखाली वर्षभराचा देव्हारा कुजून बसला होता. आपट्याची पानं, अक्षता, एक लिंबू, हारांचे दोरे. भोक बंद, म्हणून पाणी पन्हाळीत चढायचं आणि हवा आत जायच्या वाटेने आत्यांच्या पायांवर उतरायचं. अण्णांनी मूठभर काळं उचललं, वास घेतला आणि म्हणाले, "अस्सल खत आहे." टोपलं भरून गुलाबांना घालून आले. गाडीबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

तारेने भोक मोकळं केलं. पुन्हा पाणी मारलं, ते सगळं चाकापाशी उतरलं. पावडर कोरडी ठणठणीत. गेल्या आठवड्यात मोठा पाऊस झाला, तरी रेघ नाही. म्हणजे गळती गेली. तुमच्या गाडीवर कुणी बोट ठेवायला नको. आम्ही सगळे मजेत आहोत, आणि तुम्ही काळजी करू नये एवढ्यासाठीच हे पत्र. राखीला शनिवारी याल तेव्हा पुरणाच्या पोळ्या आहेत.

तुमची भाची,
सविता

ता. क. वर 'गळती गेली' लिहिलं ते खरं आहे, पण गाडी कोरडी झाली असं मी लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कार्पेट अजून रोज सकाळी ओलं असतं. पावडर कोरडी, वर कोरडं, खाली चिखल! मी चार दिवस झोपले नाही. काल पहाटे कारण दिसलं. पाण्याबरोबर झेंडूचं बी आत गेलं होतं, आणि आत्यांच्या सीटखाली कार्पेटमध्ये तीन रोपं उगवली आहेत, चांगली वीतभर. आत्या तुळशीला पाणी घालतात आणि तांब्यात उरलेलं गाडीच्या खिडकीतून आत ओततात. "आपसूक आलंय, श्रावणात उपटू नये," म्हणाल्या. (असा नियम मी कुठेच वाचला नाही. बहुतेक तो यंदाच निघाला.) अण्णांना सांगितलं तर ते बहिणीवर ओरडतील. आणि मला स्वतःला तोंड वर करून बोलता येत नाही, कारण शाळेच्या पहिल्या दिवशी मी रडायची थांबेपर्यंत वर्गाच्या दाराशी त्याच बसून होत्या.

म्हणून मामा, मूळ विनंती अशी. राखीहून परत जाताना आत्यांना आठ दिवस मनमाडला घेऊन जा. मामींना सोबत हवी आहे, असं सांगा. (हे खोटं ठरू नये म्हणून आधी मामींना सोबत हवी आहे का ते विचारून घ्या. नको असली तर कृपया त्यांचं मन वळवा.) मनमाडच का, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या नळाला पाणी कधी येतं, यावर तुमच्या गल्लीत पैजा लागतात. तिथे आत्यांना उरलेला तांब्या ओतायला कुणी देणार नाही, आणि सवय आपोआप सुटेल.

ता. क. २. रोपं मी फेकणार नाही. मातीसकट काढून फाटकाजवळ लावणार आहे, आत्या आल्या की त्यांना गाडीतूनच दिसतील अशी. आजच काढली असती, पण मधल्या रोपाला कळी आली आहे. आज दुपारी ते जरा मान टाकल्यासारखं दिसलं, म्हणून थोडंसं पाणी मीही घातलं. फक्त अर्धा तांब्या, आणि शेवटचा. रविवारी, पाच ऑगस्टला, सकाळी, तुमची आणि आत्यांची रेल्वे मनमाडला पोचली की मी खुरपं घेऊन आत बसणार. या वेळी काच उघडी ठेवून.