सुग्रीवानं घेतलेल्या बांगड्या

प्रिय अंजना,

आमचा गडी आसाराम दिंद्रुडच्या बाजाराला बैल बघायला गेला होता. परत आला तो बैलांचं राहिलं बाजूला, तुझंच सांगत बसला. म्हणाला, "मालक, सटवाबाबाची लेक दिसली. सुग्रीव संग होता. त्यानं कासाराकडून हिरव्या बांगड्या घेतल्या." मी विचारलं, तिनं भरल्या का? तर म्हणे, "तेवढं बघाया थांबलो न्हाई." असा संताप आला त्याचा! एवढ्या लांबून अर्धीच बातमी कशाला आणायची?

तेव्हापासून मला सुग्रीवाचं सगळंच खुपतंय. तो तुझ्याबरोबर लहानाचा मोठा झाला, हे खुपतं. शीळ घातली की तुझ्या मेंढ्या त्याच्याकडे वळतात, तेही खुपतं. तुझं ते काळं कुत्रं माझ्या हातची भाकरी हुंगून सोडून द्यायचं आणि त्याच्या हातची उडी मारून घ्यायचं, ते आठवलं तरी घास गोड लागत नाही. तुमच्या तळावर लिहिता-वाचता येणारा तो एकटाच, आणि त्याचा तोरा काय! खरं सांगतो, तो नुसता दिसायला बेढब असता तरी मला जरा बरं वाटलं असतं.

आपली ओळख झाली ती वैरातच. तुझी मेंढरं माझ्या हुरड्यात आलेल्या ज्वारीत शिरली आणि मी ती हाकून कोंडवाड्यात घातली. तिथं एक कोकरू पाण्यावाचून मेलं. दुसऱ्या दिवशी शेताकडच्या पांदीत तुझ्या गोफणीचा दगड माझ्या कपाळावर बसला आणि मी घोडीवरून खाली. काका बबनरावांनी फिर्याद दिली. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी चावडीत विचारलं, कोणी मारलं? मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, "म्या मारला. कोकरू मेलं तवा कुनी फिर्याद घेतली हुती?" मी अमीनसाहेबांना म्हणालो, घोडी बुजली, मी पडलो, या बाईला काही ठाऊक नाही. तुला वाटलं, मी उपकार दाखवतोय. जाताना माझ्या पायापाशी थुंकलीस. मला मात्र त्या रात्रीपासून कपाळाच्या जखमेपेक्षा तुझा तो आवाजच जास्त ठणकू लागला.

मग प्लेग आला. गाव उठून शेतांत गेलं. आम्हीही खोप घातली, आणि तिसऱ्याच दिवशी आईच्या काखेत गाठ आली. गडी पळाले. काकांनी आपली खोप ओढ्यापलीकडे हलवली आणि तिथूनच हाका मारून चौकशी करू लागले. मी एकटा तिच्या उशाशी बसून होतो, आणि तू शेळीच्या दुधाचा तांब्या घेऊन दारात उभी राहिलीस. मी म्हणालो, आत येऊ नकोस, मरशील. तू म्हणालीस, "सरका. कोकरू तुमी मारलं, पर तुमची माय म्या मरू देनार न्हाई." किती दिवस तू तिला पुसून काढलंस, चमच्यानं दूध पाजलंस! मी निखाऱ्यावर भाकरी करपवायचो आणि तू हसायचीस. आईनं डोळे उघडले तेव्हा तू खोपीच्या मागं जाऊन रडलीस. मी मागून आलो, तर तू माझ्याच उपरण्याला डोळे पुसलेस. वैर तिथं संपलं, निदान माझं तरी.

पुढं तळ हलला आणि तुम्ही गंगेकाठाला, गोदावरीकडे गेलात. मी तुला थांब म्हणालो नाही, कारण थांबवून ठेवायला माझ्याकडे जागाच नव्हती. घरात तुझ्याबद्दल बोललो तेव्हा काका कडाडले, मेंढरामागची बाई देशमुखाच्या ओसरीवर येणार असेल तर तू ओसरी सोड. मी सोडली. वाटणी मागितली. सारा हिवाळा पंचांपुढं त्यातच गेला. ओढ्याकाठचं शेत आणि ती घोडी माझ्याकडे आली, आणि आई आपणहून माझ्याबरोबर निघाली. शेतात दोन खणांचं घर उभं केलं. छप्पर झालं की यायचं, असं ठरवलं होतं. तेवढ्यात आसाराम त्या बांगड्यांची बातमी घेऊन आला आणि मी निघालोच नाही. छप्पर कधीच झालंय, अंजना. मी त्याच्याखाली जळत बसलोय.

आज सकाळी दारात सुग्रीव उभा! पाय धुळीनं भरलेले. मी काठीच उचलली. तो म्हणाला, "ठिवा ती. म्या बांगड्या घेतल्या, पंचांम्होरं तिच्याम्होरं ठिवल्या. तिनं न्हाई म्हनलं. कावून, ते तुमाला ठाव हाय. ती तिकडं वाळायलीय आन् तुमी इकडं भिंती सारवताव? ह्या घराचं तिला कुनी सांगितलं का?" तू नाकारलेला माणूस तुझ्यासाठी एवढं चालत आला. मी तर एका अर्ध्या बातमीवर बसून राहिलो. आजवर मी त्याच्यावर उगाच जळफळत होतो, आज मात्र खरोखर हेवा वाटला.

मी लगेच घोडीवर खोगीर घालायला निघालो, तर त्यानंच अडवलं. "आदी इचारा तिला. उचलून न्यायला ती काय मेंढरू हाय?" म्हणून हे पत्र. माझ्या घरी येशील का, माझी बायको होशील का, हे मी तुला आजवर एकदाही विचारलं नाही, ते आज विचारतोय. आई सटवाबाबांच्या पाया पडायला तयार बसली आहे. तू हो म्हणालीस की आम्ही निघतो. सुग्रीव बाहेर आईच्या हातची भाकरी खातोय. हे तोच तुला वाचून दाखवील, वरचं त्याच्याबद्दलचं सगळं धरून. एक अक्षर गाळू नको, असं मी त्याला बजावलंय. उत्तरही त्याच्याजवळच सांग. फक्त सांगताना त्याच्याकडे फार वेळ बघू नकोस.

तुझाच, अजूनही जळणारा,
राधाकिशन