विनीचं झाकण

३ सप्टेंबर
पाऊस नाही. मधमाश्यांच्या पेट्यांची सफाई काढली. जानेवारीत लेदरवुडची झाडं फुलली की जंगलात न्यायच्या, त्याआधी सगळं लख्ख हवं. रिकाम्या पेट्या पटाशीने खरवडल्या, आतून गॅसच्या ज्योतीने भाजल्या. पोळ्यांच्या चौकटी सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकल्या. हात भाजला — थोडाच.

माझ्या बायकोचं, विनीचं झाकण मात्र बाजूला ठेवलं. ते भाजत नाही, खरवडतही नाही. आतल्या बाजूला तिची पेन्सिल आहे. दर तपासणीची एक ओळ, अकरा वर्षांची. शेवटची ओळ ती वारली त्या आठवड्यातली — ‘राणी दिसली नाही. अंडी आहेत.’

मी राणी शोधत बसायचो, पेटी गार पडेपर्यंत. ती ओरडायची, "मर्व, अंडी दिसली ना? म्हणजे तीन दिवसांत ती इथे होती! लाव झाकण!"

६ सप्टेंबर
झाकण आज चार नंबरवर ठेवलं. फेब्रुवारीत दोनवर होतं, एप्रिलमध्ये पाचवर, जून-जुलैच्या थंडीभर सातवर. जिथे माझं काम, तिथे ते. उघडताना आधी तिचं अक्षर दिसतं. बरं वाटतं.

११ सप्टेंबर
सात नंबरातून सरसासारखा वास! अळीला काडी टोचली — तपकिरी तार निघाली, लांबच लांब. सड! अळ्या कुजवणारा रोग, सरकारला कळवावाच लागतो. तपासनिसांना फोन केला. दोनदा नंबर चुकला.

हे केल्विनचंच काम. कुंपणापलीकडे त्याच्या पेट्या, शेवाळलेल्या. जाऊन सुनावलं. "अंघोळ तरी घालतोस का रे त्यांना?" तो पायरीवर सँडविच खात होता. म्हणाला, "तुझ्या पेट्यांत तर तोंड दिसतं, म्हाताऱ्या. मग आजारी कशा पडल्या?"

विनी असती तर मला गप्प बसवलं असतं.

१५ सप्टेंबर
तपासनीस बाई आल्या. केल्विनच्या सगळ्या पेट्या निरोगी. माझ्या तीन सडलेल्या — दोन, पाच, सात.

"जुन्या मेणात सडीचं बी चाळीस वर्षं जगतं, आजोबा. या तिन्हींना एकच काही वापरलंत?"

"छे! सगळं भाजलेलं."

बाई गेल्या आणि मी बोटांवर मोजलं. दोन, पाच, सात. त्याच क्रमाने!

१६ सप्टेंबर
चारवरचं झाकण काढून घरात आणलं. पलंगाखाली ठेवलं. त्याला मेणाचा वास येतो, तिच्या अॅप्रनला यायचा तसाच. जेवण गेलं नाही.

दुपारी एक माशी खिडकीच्या काचेवर आपटत होती. मग तीन झाल्या. वास लागलाय त्यांना. आत आल्या, झाकण चाटलं, तर सड घेऊनच परत जाणार. माझ्याकडे, नाहीतर केल्विनकडे.

१७ सप्टेंबर
सकाळीच केल्विनकडे गेलो. सगळं सांगितलं. झाकणाचंही. त्याने बूट चढवले. मग म्हणाला, "मला तपासणी विनीनेच शिकवली. केवढ्या शिव्या घालायची बाई! — चल, खड्डा कुठे खणायचा दाखव. तुझ्याने फावडं उचलणार नाही."

तपासनीस बाईंना फोन करून खरं सांगितलं. दोन, चार, पाच, सात — चारही पेट्या जाळायच्या म्हणाल्या.

संध्याकाळी माश्या परतल्यावर पेटवलं. सगळ्यांत वर झाकण, अक्षरं खाली. वर ठेवली असती तर वाचत बसलो असतो. केल्विनने टोपी काढली होती.

१८ सप्टेंबर
खड्डा बुजवला.

९ ऑक्टोबर
ऊन. एक नंबर उघडली. नवं झाकण, आतून कोरं. पेट्यांवर मी कधीच लिहिलं नव्हतं. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका पाहून ती हसायची. आज पेन्सिल घेतली. एक ओळ लिहिली.

राणी दिसली नाही. अंडी आहेत.

झाकण लावलं.