जावईबापूंची कयाक

८ जानेवारी २०२५, बुधवार
माणगावहून नागावात घरजावई म्हणून आल्यापासून सासऱ्यांच्या होमस्टेमध्ये माझी एकच पोस्ट. 'जावईबापू, चहा टाका.' आता पुरे. ऑनलाइन मागवलेली कयाक आज आली. नारिंगी. रविवारी समुद्रातून रेवदंड्याला, येताना चौलच्या वाड्यांमधून पायी. हे जमलं की पुढच्या शनिवारी येणाऱ्या पुण्याच्या पार्टीचा गाइड मी. सासऱ्यांनी तसं कबूल केलंय.

मेहुणा अल्पेश किनाऱ्यावर बनाना बोट चालवतो. कयाक बघून म्हणाला, माणगावची माणसं भाताच्या खाचरात पोहायला शिकतात काय. सगळे हसले. कल्पितासुद्धा. बायको आहे की मेहुण्याची बहीण?

१० जानेवारी, शुक्रवार
सराव. कयाक उलटली. गुडघाभर पाण्यात माणूस बुडवायचा, हा समुद्र मुळात खुनशी आहे. अल्पेशचे कस्टमर टाळ्या वाजवत होते. नालायक.
सासऱ्यांनी नारळ आणून दिला. नवी होडी दर्यात घालण्याआधी द्यावा लागतो म्हणे. मी म्हटलं, प्लॅस्टिकला नारळ लागत नाही. खोबरं मीच खाल्लं.
वजन कमी करायचं. उद्यापासून फक्त फळं.

११ जानेवारी, शनिवार
घरात पोपटी लावली. मुद्दाम, माझ्या मोहिमेच्या आदल्या दिवशी. मडक्यातली कोंबडी, वालाच्या शेंगा, अंडी. नको म्हटलं असतं तर सासूबाईंना वाईट वाटलं असतं. तिसऱ्यांदा तर अजिबात नको म्हणता आलं नाही. पहाटेचा गजर लावलाय.

१२ जानेवारी, रविवार, दुपारी २
गजर कोणीतरी बंद केला. कल्पिता म्हणते, तुम्हीच. निघतोय. भरती-ओहोटीचं ॲप उघडत नाहीये. सासऱ्यांना विचारणार नाही. दर्या आहे, पाणी असणारच.

१३ जानेवारी, सोमवार
पाणी नव्हतं. पौर्णिमा तोंडावर आलेली, ओहोटी पार लांब गेली. कयाक चिखलात बसली. ओढत ओढत रेवदंड्याला आणली. खाली समुद्राचाच तळ होता, म्हणजे प्रवास समुद्रातूनच झाला.
किनाऱ्यावर काहीतरी मऊ, गुलाबीसर पसरलेलं. त्यावरून कयाक छान घसरली. तो आवडाबाई नावाच्या कोळणीने वाळत घातलेला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, निघाला. बाई धावत आल्या. म्हणाल्या, डोळं घरी ठेवून आलास काय रं, आता बस नि वाळू निवड. बसलो. मग जवळून बघून म्हणाल्या, तू अंबाजीचा घरजावई न्हाय का, त्याच्या घरी म्हावरा मीच देते. सगळा कोळीवाडा बघायला जमला. माणगावात चोरालासुद्धा इतकी माणसं जमत नाहीत.
भरपाई म्हणून कयाक त्यांनी ठेवून घेतली. पायी येणार होतो, पण पायांना चिखल होता. रिक्षाने आलो.

१८ जानेवारी, शनिवार
पार्टी आली. पाठोपाठ टेम्पोतून आवडाबाई. कयाकमध्ये काठोकाठ जवळा भरलेला. पुणेकरांनी कयाकचे फोटो काढले, जवळा संपवला. उद्या सगळे आवडाबाईंबरोबर रेवदंड्याला जाणार, किनाऱ्याने, पायी. मूळ कल्पना माझीच, पण या घरात कृतज्ञता नावाची चीज नाही. अल्पेश म्हणाला, होडी बाईंकडेच राहू दे, कामाला तरी येते. सासरे मान हलवत राहिले.
मग आवडाबाई ओटीवर पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, जावईबापू, चाय टाका.
टाकला. मुद्दाम साखर कमी घातली.
सगळे म्हणाले, आज कुठे चहा जमला.