लाल डगला एझ्राला द्यावा

ज्या देवाने लोकर पांढरी केली आणि ती रंगवायचे काम आमच्या गळ्यात बांधले, त्याचे स्मरण करून मी, अर्सुला क्लिसोल्ड, दिवंगत गाइल्स रंगाऱ्याची विधवा, राहणार हेझलबर्न, स्ट्राउडचे खोरे, हे मृत्युपत्र तोंडाने सांगून टोबायस मास्तरांकडून लिहवून घेत आहे. ताप उतरत नाही, पण डोके शाबूत आहे. दुपारी ओढा छतावरून वाहताना दिसतो, हे खरे. पण छत वर असते आणि ओढा खाली, एवढे मला कळते. मास्तर, हेही लिहा.

माझा देह धाकट्या मुलाच्या, जॅस्परच्या, शेजारी पुरावा. कफन बिनरंगी असावे. जन्मभर दुसऱ्यांना लाल केले, आता पुरे.

घर, रंगशाळा, तांब्याची मोठी कढई, ढवळायचे दांडके, आणि लाल रंगाची मंजिष्ठा मुळी व तुरटी जेवढी उरेल तेवढी, हे सर्व थोरला मुलगा एझ्रा याला. तो ब्रिस्टल बंदरात दोर वळतो. सात वर्षे झाली, त्याने या उंबरठ्यावर पाऊल ठेवलेले नाही. दांडके उजव्या हाताने धरू नये, फोड येतात. हे त्याला माहीत आहे, तरी सांगावे.

गळकी कढई शेजारीण डॉर्कस विल्कॉक्स हिला. तिने चर्चच्या दारात, सगळ्या गावादेखत, माझ्या एझ्राला भावाचा खुनी म्हटले. तिच्या तोंडासारखेच या कढईतही काही राहत नाही. या कागदावर साक्षीदार म्हणून तिलाच बसवले आहे, म्हणजे दवंडी पिटायला वेगळा माणूस नको.

आता लाल डगल्याचे.

राजा आणि पार्लमेंट यांची जुंपली, तेव्हा दोघांनाही लालच कापड हवे होते. दोघांचेही आमच्या कढईतून निघाले. एझ्रा पार्लमेंटकडे गेला, जॅस्पर राजाकडे. जेवताना भाकरीवरून भांडणारी पोरे ती, देशावरून भांडू लागली. डगले सारखेच, मग लढाईत आपला कोण नि परका कोण? म्हणून त्या दिवसापुरती काहीतरी खूण ठरे.

पुलावरच्या चकमकीच्या आदल्या दिवशी एझ्रा परसदाराने आला. भाकरी खाताखाता बोलून गेला, "आई, उद्या आमची खूण टोपीत पांढरं. कुणाला बोलू नकोस हं." मी म्हटले, "मी कुणाला बोलतेय, कढईला?"

तो गेला, आणि तिसऱ्या प्रहरी जॅस्पर आला. कढईच्या उबेला टेकला नि बसल्याबसल्या झोपला. त्याची टोपी माझ्या मांडीवर होती. आम्ही रंग पारखायला बिनरंगी कापडाच्या पट्ट्या ठेवतो. एक हाताशी होती. मी ती टोपीला शिवली. वाटले, एझ्राची माणसे पांढरे पाहून माझ्या लेकराला सोडतील. पुढे शिवली तर त्याला दिसेल, उपटून फेकील, असा मानी पोर. म्हणून मागे शिवली. तो उठला, टोपी घातली, म्हणाला, "आई, झोपेत तू गात होतीस." मी जागी होते रे बाळा.

इथे मास्तर थांबले. म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात कबुलीजबाब लिहीत नाहीत."

"मग कुठं लिहितात? पाद्र्याला ऐकवायला गेले तर तो मध्येच पेंगतो. लिहा तुम्ही."

पहाटे धुके होते. राजाची माणसे पुलाकडे धावली, समोर एझ्राची रांग. दोन्हीकडून बार उडाले. एझ्राने नंतर ती टोपी पाहिली, पांढरी पट्टी पाहिली, आणि समजला की भाऊ आपल्याकडे यायला निघाला होता आणि आपणच त्याला मारला. जॅस्परला गोणपाटात गुंडाळून त्याने दारात आणले. जखम कुठे आहे ते त्याने बघितले नाही. "आई, मी मारला गं त्याला," एवढेच म्हणाला, आणि गेला.

जॅस्परला मी एकटीने न्हाऊ घातले. छाती स्वच्छ होती. भोक पाठीत होते. माझी पट्टी समोरच्यांना दिसलीच नाही. दिसली मागून धावणाऱ्या त्याच्याच सोबत्यांना; समोरच्यांच्या टोप्यांत पांढरेच, म्हणून त्यालाही परका समजून त्यांनी मारला.

हे मला सात वर्षे माहीत आहे. एझ्राला बोलावून सांगायला तोंड उघडे, आणि शब्दांआधी लाज येई. माझे पाप लेकाच्या डोक्यावर ठेवून मी जेवले, झोपले. डोळा लागला की दोघे ओढ्यात दिसतात. कापड धुवायचा दिवस, पाणी लाल, दोघांचे पाय गुडघ्यापर्यंत लाल. हसून विचारतात, "आई, ओळख बघू, राजाचा कोण?" मला ओळखता येत नाही.

म्हणून, जॅस्परचा डगला एझ्राला द्यावा. मी तो रफू केलेला नाही. त्याने भोकात बोट घालून बघावे. एझ्रा, तू समोर होतास.

मास्तर लिहायचे सोडून डोळे पुसत बसले. मग म्हणाले, "बाई, हा कागद तुम्ही गेल्यावर उघडणार. मग त्यानं भांडायचं कुणाशी?"

डॉर्कसनेच उठून पेटीतून डगला काढला.

तेव्हा वरील कलमात दुरुस्ती: डगला उद्याच सामानाच्या गाडीने ब्रिस्टलला धाडावा, या कागदाची नक्कल खिशात घालून. येऊन काय बोलायचे ते तोंडावर बोलू दे. तोवर मी मरत नाही, असे शुद्धीवर असताना लिहून देते.

निशाणी: अर्सुला क्लिसोल्ड, मंजिष्ठेत बुडवलेले बोट
साक्षीदार: टोबायस हार्मर, शाळामास्तर, डॉर्कस विल्कॉक्स, हिची निशाणी पाणी पडून फिसकटली आहे
हेझलबर्न, ९ ऑक्टोबर १६५१