कूलरच्या आडची डिश

३ बहमन
बेहरंगने आज डिश गच्चीवर बसवली. कूलरच्या आड, वर जुनी चादर. उपग्रहावरून थेट इंटरनेट! चोरवाटेने आणलीय माझ्या या नवऱ्याने, सापडली तर तुरुंग त्यालाच. बाहेरच्या कंपन्या निर्बंध दाखवून दार लावतात, आमचं सरकार म्हणतं देशाचं जाळं देशातच — इकडे आड, तिकडे विहीर. पण अंकाराहून आमची लेक रोझीन दिसली! वाळलीय पोरगी.

५ बहमन
माझ्या जिभेला हाड नाही! खालच्या मजल्यावरचे शेयबानीमास्तर चहाला आले, नेमका तेव्हाच रोझीनचा फोन. पडद्याकडे बघत म्हणाले, "काय स्वच्छ दिसतंय हो! आमच्या मेहरदादचं तोंडसुद्धा बघितलं नाही कधीपासून. टोरांटोला आहे ना."

पाहुण्याने वाखाणलं की आपण 'तुमचंच समजा' म्हणायचं आणि त्याने नको नको म्हणायचं — आमच्या शिराझात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी म्हटलं. ते नको म्हणालेच नाहीत! "देव भलं करो, खानम. पासवर्ड काय?"

दिला. काय करणार?

बेहरंग जेवला नाही. "तुझं अगत्य मला आत घालणार!"
"मग म्हाताऱ्याला हाकलू दारातून?"

६ बहमन
दोनदा गच्चीवर जाऊन डिशवरची चादर नीट करून आले.

९ बहमन
जिन्यात मास्तरांच्या पत्नी तूरानखानम, चारचौघांत: "मेहरदादला डोळे भरून पाहिलं हो! तुमच्या कृपेने!" वरची बाई वळून बघत होती. मी हसले. हातातली तांदळाची पिशवी पडली.

बेहरंगला म्हटलं, आत्ता काढ. म्हणाला, शुक्रवारी काढतो, तोवर रोझीनची परीक्षा होऊ दे. भीती वाटते. फार भीती वाटते मला.

१० बहमन
आले! साध्या कपड्यातले पोलीस. सगळ्या बिऱ्हाडांना गच्चीवर उभं केलं. "कोणाची ही?" बेहरंग पांढराफटक. तेवढ्यात शेयबानीमास्तर सपाता ओढत पुढे झाले — "माझी. मुलाला बघायला घेतली." त्यांना घेऊन गेले. तूरानखानम कोट घेऊन मागे धावल्या, तोवर गाडी गेली होती.

बेहरंग घरात आहे. झोपलाय. देवा, तुझे उपकार!

११ बहमन
काल खोटं लिहिलं. मास्तर आपणहून पुढे झाले नव्हते. 'कोणाची' विचारल्यावर मीच बोट दाखवलं — "यांची." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या माणसाला म्हणाले, "खानम खरं बोलतात."