प्रत्येक टप्प्यावर एक दार

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. वहिनी बरी आहे ना? छकुलीचे पुढचे दात आले का? मी मजेत आहे. अगदी खरं सांगते, मजेत आहे, म्हणून तर लिहायला बसले. फोनवर तू मला धड बोलू देतोस कुठे!

शाळेच्या पुस्तकांची चित्रं सोडून मी वर्षभर इस्पितळात जातेय, हे तुला ठाऊक आहे. काम काय, ते मात्र मी गुलदस्त्यात ठेवलं होतं. तिथे एका आजारावर संशोधन चाललंय. लोकांनी अधूनमधून येऊन रक्त द्यायचं, तपासून घ्यायचं, असं काही वर्षं. पण लोक एकदा यायचे आणि गायब व्हायचे. ते जाडजूड माहितीपत्रक वाचून माझंच डोकं गरगरलं, त्यांना काय दोष द्यायचा? असंच चाललं असतं तर सगळा अभ्यास गुंडाळावा लागला असता. शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तू हे चित्रांत सांग."

पहिलं चित्र साफ फसलं. मी लालभडक, उभं चिरलेलं हृदय काढलं. बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, "खाटकाची पाटी इथे कुणी लावली गं?" सगळे खो खो हसले. मीही.

मग त्यांच्याच शेजारी बसून विचारत गेले. "आमचं रक्त जातं कुठे?" "विकता की काय?" "मध्येच नकोसं झालं तर?" या प्रश्नांचीच भिंतभर कच्ची चित्रं रेखाटली. दंडातून निघालेलं रक्त, नावाऐवजी आकडा लावलेली कुपी, फ्रीज, यंत्र, मग पुन्हा तुमच्या हातात तुमचा अहवाल. आणि प्रत्येक टप्प्यावर एक उघडं दार. नको वाटलं तर खुशाल निघा, उपचार चालूच राहतील.

डॉक्टरीणबाई दचकल्या. "अगं, दारं दाखवलीस तर आहेत तेही जातील!"

"जायची मुभा त्यांना आहेच ना? मग दिसू दे की."

त्या पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत भिंतीच्या कडेने चालत गेल्या. मग म्हणाल्या, "रंगव."

दादा, काल बाक पुरले नाहीत! पहिल्याच खेपेला भांडून गेलेला एक टॅक्सीवाला बायकोमागून आला. दारावर बोट ठेवून म्हणाला, "हे खरंय? आत्ता उठून गेलो तरी चालेल?"

"चालेल."

"मग बसतो," म्हणाला आणि त्यानं बाही वर सारली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांदेखत मला मिठी मारली. अभ्यास आता बंद पडत नाही!

किती वेळ इकडचं तिकडचं लिहितेय मी.

आजार बाबांचाच आहे. दाढी करता करता ते कोसळले ते उठलेच नाहीत, त्या सकाळपासून आपल्या घरात कुणी हृदयाचं नाव काढत नाही. मी तिथे आधी तपासून घ्यायलाच गेले होते, चित्रांचं नंतर निघालं. भिंतीवरचा रक्त देणारा तो हात माझा आहे.

घाबरू नकोस. वेळेवर कळलं, गोळ्या लागू पडल्या, तीन जिने न थांबता चढते. रागव हवं तर. पण हा आजार घराण्यात उतरतो रे. तू ये, छकुलीला आण. कदाचित काहीच निघणार नाही. निघालंच, तर बाबांना जे कुणी सांगितलं नाही, ते तुम्हाला आधी कळलेलं असेल.

तुझी, आणि अजून पुष्कळ वर्षं तुझीच,
छोटी