क्लच माझा, गिअर तिचा

रविवार, २० जानेवारी १९५७

आज पुन्हा तेच! ऑपेरा हाउसच्या वळणावर क्लच दाबला आणि वाट बघत बसलो. पाय क्लचवर, दोन्ही हात चाकावर, डावीकडची सीट रिकामी. मागून ट्रामची घंटा — ठण् ठण्! एक टॅक्सीवाला ओरडला, "ओ शेठ, सो गया क्या?"

कालिंदीला जाऊन वर्ष झालं. पायाला अजून पत्ता नाही.

गाडी चालवायला ती कधीच तयार झाली नाही. "चाळीत बोभाटा होईल!" पण गिअरचा दांडा तिचा. मी क्लच दाबायचा, तिने शेजारून गिअर टाकायचा. बोलावं लागत नसे. इंजिनाच्या आवाजावरून तिला कळायचं. बांगड्या वाजल्या की मी क्लच सोडायचा. ही असली गंमत कुणाला सांगू? वेड्यातच काढतील.

रविवार, १० फेब्रुवारी १९५७

दादरला गेलो. सुनेत्रा तिथे मामाकडे असते. घरात बाईमाणूस नाही, पोर वयात येणार, म्हणून कालिंदीचे दिवस होताच तिचा भाऊ जगदीश मुलीला घेऊन गेला. असंच करतात. मीही मान डोलावली.

दर रविवारी तिला वरळीपर्यंत फिरवून आणतो. ती मागे बसते, लहानपणापासूनची तिची जागा ती. पुढे ये म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाही.

वरळीला एका कोळणीने मलाच विचारलं, "डायवरदादा, बाईसाहेबांना पापलेट देऊ काय?" सुनेत्रा खुदकन हसली! आई गेल्यापासून पहिल्यांदा. मी ड्रायव्हर तर ड्रायव्हर.

गुरुवार, ९ मे १९५७

जगदीश ऑफिसात आला होता. म्हणे, गाडी विकून टाका. चाळकरी तर पहिल्यापासून म्हणतात — नाकापेक्षा मोती जड! विलायतेला परत निघालेल्या साहेबाची जुनी गाडी, चार दरवाजांची, पण अंगात शर्यतीच्या घोड्याची रग. ती हेडक्लार्कला कशाला? बरोबर आहे. पण गाडी गेली तर रविवारी कुठल्या निमित्ताने दादरला जाऊ? माझीच मुलगी, आणि मला निमित्त लागतं!

मंगळवार, १८ नोव्हेंबर १९५८

क्लच गेला. लालबागला आनंदाच्या गॅरेजात टाकली. त्याने गाडीखालून डोकं काढलं — "प्लेट बरी आसा, साहेब. बेअरिंग झिजला. क्लच दाबून कोणाची वाट बघतास तुमी?" थट्टा केली त्याने. मी हसलो नाही, तेव्हा त्याने हात पुसले. मग दोघांनी चहा घेतला.

रविवार, १६ ऑगस्ट १९५९

आज विचारणारच होतो — सुनू, घरी येतेस का? वाक्य गिरगावापासून घोकत गेलो. मामीने आधीच सांगितलं, "तिला इथे छान करमतं हो." संपलं. परत येताना मागच्या सीटवर तिची रिबीन सापडली. खिशात ठेवली.

सोमवार, ११ एप्रिल १९६०

सुनेत्राची मॅट्रिकची परीक्षा संपली. काल मामी म्हणाली, "मोठी झाली ती. आता रविवारचं फिरणं पुरे. स्थळं बघायची आहेत." आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मी म्हणालो, "बरं."

बरं! तोंडात दुसरा शब्दच नाही का रे तुझ्या, चिंतामणी?

आनंदाला सांगितलं, गाडीला गिऱ्हाईक बघ.

शनिवार, ३० एप्रिल १९६०

चाळभर रोषणाई. उद्या महाराष्ट्र! हरताळ, गोळीबार, मोर्चे — सगळ्याचं सार्थक झालं म्हणायचं. शेजारच्या कमळाबाईंनी पेढे आणून दिले. जुन्या सवयीने तीन. एक खाल्ला. दोन ताटलीत तसेच आहेत.

फार एकटं वाटतं. दुसरं काही नाही. सोमवारी गिऱ्हाईक येणार. उद्या गाडीचा शेवटचा रविवार. दादरला निरोप धाडलाय, एकदाच सुनूला फिरवून आणतो.

रविवार, १ मे १९६०

सुनेत्रा रस्त्यावरच उभी. शेजारी ट्रंक आणि वळकटी! मी सवयीने मागचं दार उघडलं. तिने सामान मागच्या सीटवर लोटलं, आणि पुढे येऊन बसली. "मामाला सांगून आलेय. नाना, तुम्ही कधी विचारलंच नाहीत!"

रस्त्यात गुलाल, ढोल, माणसंच माणसं. पोर्तुगीज चर्चपाशी जरा मोकळं झालं. क्लच दाबला.

बांगड्या वाजल्या. मी क्लच सोडला.